प्रकरण चौदा : तळ्याचं पाणी

आर्याचे ओठ काळसर दिसतायत हे मधुवंतीच्या पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा तिला वाटलं हा हिरव्या जाळीचा परिणाम असेल.

सिंगापूरच्या टोकाला, लिम चू कांगच्या या नर्सरीत दिवसभर सगळं हिरवंच दिसायचं. ऑर्किडच्या रांगांवर सावलीसाठी हिरवी जाळी होती आणि उरलेली तीच जाळी सासऱ्यांनी घराच्या पडवीवरही ताणली होती. तिच्याखाली बसलं की धडधाकट माणूसही आजारी वाटायचा. म्हणून तिने तीन महिन्यांच्या लेकीला खांद्यावर घेतलं आणि ती अंगणात, उन्हात आली.

मागे पडवीत वाद चालूच होता. नर्सरीचं लीज वाढवायचं की जागा परत करायची, हे ठरवायला कारखानीसांचं सगळं घर या शनिवार-रविवारी इथे जमलं होतं. सासरे, चंद्रशेखर, बँकेतून निवृत्त झाल्यावर सगळ्यांचा विरोध पत्करून इथे आले होते. त्यांची बायको नीलिमाही त्यांच्यामागे आली होती. थोरल्या विक्रांतने, मधुवंतीच्या नवऱ्याने, तेव्हापासून एकच धोशा लावला होता, की सेरंगूनला आमच्याजवळ या. धाकटा अंकुर मात्र वडिलांच्या बाजूचा. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून सुटला की बस बदलत तो इथे यायचा आणि मातीत हात घालायचा.

"गंजलेलं पाणी येतं म्हणत होतास ना, दादा? आता बघ. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत नवा पाइप टाकलाय," अंकुर म्हणत होता.

"तुम्ही दोघांनी टाकलाय. लायसन्सवाला प्लंबर बोलवायचा असतो, अंकुर. हे तुझं सॉफ्टवेअर नाही."

"जुना पाइप हातात घेतला तर त्याचे तुकडे पडले. प्लंबर पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. तोवर आईने काय करायचं होतं?"

"हेच तर मी म्हणतोय. आईने अशा ठिकाणी राहायचंच कशाला?"

मधुवंतीने आर्याचं तोंड उन्हाकडे वळवलं.

ओठ निळे होते. काळसर नव्हे, निळे. ते शाईचं बोट पुसल्यावर उरतं तसं काहीतरी होतं. तिने घाईने दुपट्यातून मुलीचा हात बाहेर काढला. नखंही तशीच. हाताचा पंजा राखेसारखा. आर्या रडत नव्हती. सकाळपासूनच ती फारशी रडली नव्हती आणि मधुवंतीला त्याचं बरं वाटत होतं. आजीकडे आल्यावर शांत झाली, असं ती मघाशीच कौतुकाने म्हणाली होती.

"विक्रांत," तिने हाक मारली. आवाज चढवायचं तिला सुचलंच नाही. "विक्रांत, इकडे ये. आत्ता ये."

तो आला. त्याने पाहिलं. नीलिमा पदराला हात पुसत बाहेर आली, तिने आर्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "थंडी वाजतेय का हिला? अंग तर गार नाही."

"श्वास घेतेय ना?" चंद्रशेखरांनी विचारलं.

"घेतेय. भराभरा घेतेय."

"ॲम्ब्युलन्स बोलवू," अंकुर म्हणाला.

"इथे यायला किती वेळ लागेल त्यांना," विक्रांत म्हणाला. गाडीची किल्ली त्याच्या हातात होतीच. "मीच नेतो. मधू, मागे बस. आई, तू पण चल."

गाडी फाटकातून बाहेर पडताना मधुवंतीने एकदाच मागे पाहिलं. सासरे आणि अंकुर अंगणात उभे होते आणि दोघांपैकी कुणीही हात हलवला नाही.

*

"आपण लॉरीने जाऊ. किल्ली घेतो," चंद्रशेखर म्हणाले आणि जाग्यावरच उभे राहिले. अंकुरने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"मी आणतो, बाबा. वहिनी आर्याची बॅगही विसरल्या आहेत."

बॅग स्वयंपाकघरात होती. ओट्यावर आईने धुऊन पालथ्या घातलेल्या बाटल्या, दुधाच्या पावडरचा डबा आणि शेजारी पाणी उकळायची किटली. अंकुर डबा बॅगेत टाकत होता आणि त्याची नजर किटलीत गेली. आत तळाशी थोडं पाणी होतं आणि पाण्याच्या वर, कडेने, पांढरी खपली धरली होती. मिठाच्या पाण्याचं भांडं वाळल्यावर दिसते तशी.

सिंगापूरच्या नळाच्या पाण्याने अशी खपली धरलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

सकाळचा चहा त्याला आठवला. घोट घेतल्यावर तो आईला म्हणाला होता, चव वेगळीच लागतेय. आई म्हणाली होती, नवा पाइप आहे, एक-दोन दिवस लागेल. त्यालाही ते पटलं होतं. त्यानंतर त्याने फ्रिजमधलं बाटलीचं पाणी प्यायलं. बाबा आणि विक्रांतही तेच पीत होते.

त्याने नळ सोडला, ओंजळ भरली आणि जीभ लावली. पाणी किंचित खारट होतं. त्यात काहीतरी बोचरंही होतं.

अंकुर मागच्या दाराने बाहेर धावला. भिंतीलगत भांडी घासायची मोरी होती. तिच्या नळाला काल एक निळी नळी जोडली होती, कारण पाइप बदलताना सरकारी पाणी बंद ठेवावं लागलं आणि आईला निदान भांड्यांपुरतं पाणी हवं होतं. मोरीचा आणि स्वयंपाकघराचा नळ एकाच पाइपावर होते आणि नळीचं दुसरं टोक झाडांना पाणी देणाऱ्या लायनीत होतं. त्या लायनीला तळ्यावरच्या पंपाचं पाणी यायचं आणि वाटेत त्यात टाकीतलं खत मिसळायचं. काम झाल्यावर मधला कॉक बंद करायचा आणि नळी काढायची, असं ठरलं होतं.

नळी तशीच होती. कॉकचा दांडा पाइपाच्या दिशेने सरळ होता, म्हणजे पूर्ण उघडा. लांब कुठेतरी पंप धडधडत होता.

"बाबा."

चंद्रशेखर पाठोपाठ आले होते.

"हा कॉक तुम्ही बंद केला होतात ना?"

"तू केलास ना? मी तर फाटकापाशी होतो. तू म्हणालास, मागचं मी बघतो."

"मी म्हणालो, मागचं तुम्ही बघा."

दोघंही त्या कॉककडे बघत राहिले. नवा जोड पक्का होईपर्यंत जोर नको म्हणून फाटकाजवळचा सरकारी पाण्याचा कॉक अर्धाच उघडा ठेवलेला होता. पंप चालू झाला की तळ्याच्या पाण्याचा जोर जास्त. कालपासून स्वयंपाकघराच्या नळाला तेच येत होतं.

"खत कोणतं घातलंय टाकीत?" अंकुरने विचारलं.

"फुलांवरचं. नेहमीचं." चंद्रशेखरांचा आवाज खोल गेला होता. "काल सकाळीच नवीन घातलं. थोडं जास्तच घातलं."

शेडमधल्या ढिगात ते रिकामं पोतं सापडायला बराच वेळ गेला. अंकुरने त्यावरची अक्षरं वाचली, पोटॅशियम नायट्रेट, आणि फोनवर तो शब्द, बाळ आणि निळे ओठ असं एकत्र टाकून शोधलं. पहिल्या दोन ओळी वाचल्यावर पुढचं वाचवेना. लहान बाळाच्या पोटात नायट्रेट गेलं की रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मोठ्यांना सहसा काही होत नाही. बाळ गुदमरतं, श्वास घेत असूनही.

त्याने विक्रांतचा नंबर लावला.

"थांब," चंद्रशेखर म्हणाले. "आधी खात्री करून घेऊ. लायसन्स नसताना आपण सरकारी लायनीला हात लावलाय. एकदा हे डॉक्टरांनी लिहून घेतलं की चौकशी, लीज, सगळंच…" बोलता बोलता ते थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू आलं असावं. ते मोरीच्या कठड्यावर बसले. "लाव. लाव फोन. लवकर लाव."

विक्रांतने फोन कट केला. अंकुरने पुन्हा लावला. पुन्हा कट. दादा चिडलेला आहे आणि त्याला वाटत असेल की हा विचारायला, समजूत काढायला फोन करतोय. आणि तिकडे मुलीचं रक्त.

त्याने मधुवंतीचा नंबर लावला. गेल्या दिवाळीपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. बाबांना नर्सरीच्या नादाला यानेच लावलं, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती.

रिंग वाजत राहिली.

*

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आर्याच्या तोंडावर छोटासा मास्क लावला होता. नीलिमा भिंतीला पाठ लावून उभी होती. तिथे बसायला खुर्ची होती, पण बसलं तर आपण उठू शकणार नाही असं तिला वाटत होतं.

"ऑक्सिजन चालू आहे, तरी रंग बदलत नाही," तरुण डॉक्टरीणबाई इंग्रजीत म्हणाल्या. "हृदयाची तपासणी करावी लागेल. जन्मतः काही दोष सांगितला होता?"

"नाही. काहीही नाही," विक्रांत म्हणाला.

"ताप? खोकला? कुठलं औषध दिलंत?"

"नाही."

नीलिमाच्या डोळ्यांसमोर ते छोटं हृदय येत होतं. सुपारीएवढं असेल. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मधेच विसरली. गाडीत येताना रस्त्याकडेची दफनभूमी लागली तेव्हा तिने आर्याच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. मधुवंतीने तो पाहिला होता आणि काही न बोलता बाजूला केला होता.

मधुवंतीचा फोन थरथरला.

"अंकुर आहे," ती म्हणाली.

"घेऊ नकोस. मी दोनदा कट केलाय. त्याला आत्ता सांगत बसायला वेळ आहे का आपल्याला?" विक्रांत म्हणाला.

"दोनदा केलाय म्हणजे काहीतरी असेल." तिने फोन कानाला लावला. मग ती ऐकत राहिली. तिचा चेहरा नीलिमाला दिसत होता आणि त्यावर राग यायची ती वाट पाहत होती. राग आला नाही.

"पुन्हा सांग नाव," मधुवंती म्हणाली. "पोटॅशियम काय? पोत्याचा फोटो पाठव. आत्ता. आणि पंप बंद कर."

ती सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली. "तिच्या दुधाच्या पाण्यात खत गेलंय. नायट्रेट. कालपासून."

मग त्यांनी नर्सला काहीतरी सांगितलं आणि आर्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून पांढऱ्या कापसावर घेतला. नीलिमाने मान पुढे काढून पाहिलं. तो लाल नव्हता. चॉकलेट विरघळल्यासारखा तपकिरी होता आणि हवा लागूनही तसाच राहिला.

"दूध कोणी तयार केलं?" त्यांनी विचारलं. आवाजात आरोप नव्हता. तरी नीलिमा भिंतीपासून पुढे झाली.

"मी," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासून मी. हिच्या थर्मासमधलं पाणी संपलं होतं. मी म्हटलं, इथेही तेच सरकारी पाणी आहे. आणि मी ते उकळलं. एकदा नाही, दोनदा उकळलं, डॉक्टर. नवा पाइप होता ना, म्हणून जास्त काळजी घेतली."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "उकळल्याने जंतू मरतात. हे जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं."

नीलिमाला ते शेवटचं वाक्य ऐकू आलंच नाही. दाट होतं, एवढंच तिला ऐकू आलं.

यावर औषध होतं. ते निळंशार होतं. नर्सने सिरिंज वर धरली तेव्हा विक्रांतने घाबरून विचारलं, "हे असंच असतं?" आधीच निळ्या पडलेल्या मुलीच्या शिरेत ते निळं औषध हळूहळू जात होतं. रक्तात जन्मतःच एक दोष असलेल्यांना या औषधाने त्रास होऊ शकतो, जन्माच्या वेळी तिची ती तपासणी झाली होती ना, असं डॉक्टरीणबाईंनी आधी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं. झाली होती, ठीक होती, मधुवंती प्रत्येक वेळी सांगत होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या आवाजातली खात्री कमी होत होती.

मग फक्त वाट पाहणं उरलं. सगळे त्या ओठांकडे बघत होते. विक्रांत मधेच पडद्याबाहेर जायचा आणि लगेच आत यायचा. मशीनचा आवाज बदलला की तिघंही दचकून तिकडे बघायचे. नर्ससुद्धा हातातलं काम थांबवून बघायची.

*

चंद्रशेखर आणि अंकुर आले तेव्हा विक्रांत त्यांना बाहेरच्या मार्गिकेतच भेटला. दोघांच्या चपलांना तळ्याचा चिखल होता.

"कशी आहे?" चंद्रशेखरांनी विचारलं.

विक्रांत अंकुरसमोर जाऊन उभा राहिला. "मी म्हटलं होतं की नाही प्लंबर बोलवा? म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"कोणी उघडा ठेवला तो कॉक?"

"मी," अंकुर म्हणाला.

"तो खोटं बोलतोय," चंद्रशेखर म्हणाले. "नळी जोडायची कल्पना माझी होती. जोडली मी. बंद कोणी करायचा हे धड न ठरवता फाटकापाशी गेलो, तोही मीच. त्याला बोलू नकोस."

"बाबा, तुम्ही मधे पडू नका. नेहमी तुम्ही याला पाठीशी घालता. लहानपणापासून."

"आज तो मला पाठीशी घालतोय, विक्रांत."

विक्रांतने भावाचा शर्ट गळ्यापाशी धरला होता. आपण तो कधी धरला हे त्याला कळलं नव्हतं. अंकुर सुटायचा प्रयत्नही करत नव्हता. त्याचे डोळे विक्रांतच्या खांद्यावरून पलीकडे, पडद्याकडे लागले होते.

पडदा सरकवून मधुवंती बाहेर आली.

"सोड त्याला," ती म्हणाली. "कॉक कोणाचा होता ते घरी ठरवा. मलाही ऐकायचंय. पण त्याने फोन केला नसता तर ते अजून तिचं हृदय तपासत बसले असते. आणि तू तो फोन कट करत होतास."

विक्रांतचा हात खाली आला. बायको आपल्या बाजूने बोलणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

"ये आत," मधुवंती त्याला म्हणाली. मग बाकीच्यांकडे वळून, "सगळेच या. रंग बदलतोय."

आर्याचा रंग एकदम बदलला नाही. आधी गालांवरची राख ओसरली. मग कानांच्या पाळ्या दिसायला लागल्या. ओठ सगळ्यात शेवटी सुधारले, मधून बाहेर, अगदी सावकाश. आणि मग आर्या रडली. जोरात, पाय झाडत, मास्क ढकलून देत रडली. विक्रांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते आणि अंकुर त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, फक्त स्पर्श केला नाही.

"आज रात्रभर इथेच ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी कधी पातळी पुन्हा वाढते. आणि डायपर हिरवा-निळा दिसेल, औषधामुळे. घाबरू नका."

पुन्हा वाढते, हे शब्द कुणी पुन्हा उच्चारले नाहीत, पण त्यानंतर कुणीही पलंगापासून लांब गेलं नाही.

संध्याकाळकडे चंद्रशेखर म्हणाले, "मी पाण्याच्या खात्याला फोन केला. आम्ही काय केलंय ते सगळं सांगितलं. उद्या माणसं येतील तपासायला. होईल ती कारवाई होऊ दे." मग ते पुढे म्हणाले, "आणि लीज मी वाढवत नाहीये."

दोन वर्षं विक्रांतला हेच वाक्य ऐकायचं होतं. त्याने वडिलांकडे पाहिलं. बँकेत शेकडो माणसांना धाकात ठेवलेला हा माणूस हॉस्पिटलच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघे जुळवून बसला होता.

"आज नको, बाबा," विक्रांत म्हणाला. "आज काहीच ठरवू नका."

"मग तोवर तुम्ही आणि आई कुठे राहणार?" अंकुरने विचारलं.

"आमच्याकडे," मधुवंती म्हणाली. नवऱ्याला न विचारता म्हणाली.

काही वेळाने नर्सने दुधाची बाटली आणून दिली. दूध हॉस्पिटलचं होतं, पाणीही तिथलंच. नर्सने सहज जवळ उभ्या असलेल्या नीलिमापुढे बाटली धरली. आजीच पाजत असेल, असं तिला वाटलं असावं.

नीलिमाने हात मागे घेतले. "मला नको. हिला दे."

"आई, बसा," मधुवंती म्हणाली.

"मला नाही जमणार, गं. माझ्या हातून नको."

मधुवंतीने सासूच्या खांद्याला धरून तिला खुर्चीत बसवलं. आर्याला नळ्यांसकट जपून उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग बाटली तिच्या हातात दिली आणि बोटं त्यावर मिटवली.

"तुम्हीच पाजा. मी इथेच आहे."

नीलिमाने वर पाहिलं. त्या वाक्यात माया होती. आणि पहाराही होता. आपल्या नातीला आपण पाजताना यापुढे कुणीतरी शेजारी उभं राहून बघत असणार, हे तिला तेवढ्यात समजलं. आणि ते योग्यच आहे, हेही.

तिने बाटली तिरकी केली. आर्याने डोळे न उघडता ती तोंडात घेतली आणि ओढायला लागली. दोन्ही बायका खाली वाकून तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. ते गुलाबी होते. बाटलीतलं दूध हळूहळू कमी होत गेलं, तरी दोघींपैकी एकीनेही नजर हलवली नाही.